सूर्याचा ताप आणि तुरीचा काटा



आमच्या वर्गात एक पत्र्याचा डबा आहे. मूळचा बिस्किटांचा. त्याच्या झाकणाला फट पाडली आहे आणि तिच्यातून मुलं प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकतात. या पानावरच्या निम्म्या गोष्टी त्याच डब्यातून निघतात, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या आठवड्यात डबा उघडला, तर एकच प्रश्न तीन चिठ्ठ्यांवर लिहून टाकलेला. अक्षर चौथीतल्या एका मुलीचं. तिचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढं कळेल. चिठ्ठीत होतं : 'मॅडम, पेपरात आलं की चीनमधल्या एका यंत्रात दहा कोटी डिग्री ताप झाला. मंग तिथला थर्मामीटर इरघळला नाही का?'

सारा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण मलाही उत्तर येत नव्हतं! 'सोमवारी सांगते,' असं म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकांना सगळं येतं असं तुम्हांला वाटतं ना? आम्ही पुष्कळदा एक दिवस आधी वाचून आलेलो असतो, एवढंच.

बातमी खरी होती. चीनच्या 'ईस्ट' नावाच्या यंत्रानं जानेवारी २०२५ मध्ये दहा कोटी अंशांच्या घरातला वायू १,०६६ सेकंद, म्हणजे जवळजवळ अठरा मिनिटं सांभाळून दाखवला होता. आता जरा तुलना करून पाहा. डॉक्टरकाकांच्या जुन्या तापमापीतला पारा ३५७ अंशांना उकळतो. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. जुन्या बल्बमधली तार ज्या टंगस्टनची असते, तो धातू फार चिवट, पण तोही ३,४२२ अंशांना पाणी होतो. आणि सूर्याच्या पोटात असतात सुमारे दीड कोटी अंश. म्हणजे माणसानं सूर्याच्या गाभ्याहून सहा-सात पट गरम वस्तू बनवली! तिच्यात खुपसायला तापमापी आणायची कुठून?

एवढा ताप हवा तरी कशाला, असं आई विचारील. त्याचं उत्तर थोडक्यात देते. सूर्य पेटलेला आहे तो लाकडानं किंवा कोळशानं नाही. त्याच्या पोटात हायड्रोजनच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आपटून जुळतात, त्यांचा हेलियम होतो आणि त्यातून प्रचंड ऊर्जा सुटते. याला म्हणतात केंद्रकांचं संमीलन. पृथ्वीवर हेच करायचं तर ते गाभे भयंकर वेगानं एकमेकांवर आदळावे लागतात, आणि वेग म्हणजेच तापमान. इतक्या तापलेल्या वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होऊन भटकू लागतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. त्याला कुठल्याही भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून तो चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. यंत्राचा आकार? मेदूवडा डोळ्यांपुढं आणा. मेदूवड्यासारखी पोकळ नळी, आत प्लाझ्मा, भोवती चुंबकांची वेटोळी. या यंत्राचं नाव टोकामाक.

असे टोकामाक आपल्याकडंही आहेत बरं का! गांधीनगरजवळ भाट नावाच्या गावी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्रेधिमान कृष्ण काव नावाच्या शास्त्रज्ञांनी ती उभी केली. तिथं १९८९ साली भारतातच बांधलेला पहिला टोकामाक सुरू झाला आणि त्याचं नाव ठेवलं 'आदित्य'. किती चपखल नाव! त्याचा मेदूवडा तसा लहानच. नळीची त्रिज्या पंचवीस सेंटिमीटर आणि साऱ्या कड्याची पाऊण मीटर. पुढं त्याची सुधारलेली आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये चालू झाली. 'एसएसटी-१' नावाचा त्याचा थोरला भाऊही तिथंच आहे.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ.

तुमच्यापैकी ज्यांचं घर कौलारू किंवा पत्र्याचं असेल, त्यांनी दुपारी कवडसा पाहिलेला आहे. छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप खाली येते आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. खरं म्हणजे प्रकाश बाजूनं दिसत नसतो. मग तिरीप दिसते कशी? धुळीचा कण थोडासा प्रकाश आपल्या डोळ्यांकडं उडवतो, म्हणून. पुस्तकात याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात, आपण विखुरणं म्हणू. आणि गंमत पाहा, त्या उडवलेल्या प्रकाशावरून आपल्याला धुळीचा कण कुठं आहे नि किती जोरात फिरतो आहे हेही कळतं. कणाला हात लावावा लागत नाही.

शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. छपराच्या भोकाऐवजी लेझर घेतला, धुळीऐवजी प्लाझ्मामधले सुटे इलेक्ट्रॉन. लेझरचा झोत प्लाझ्मातून आरपार सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांनी बाजूला उडवलेला प्रकाश भिंगानं गोळा करायचा. १८९७ साली इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन यांनी हे विखुरणं कसं होतं ते समजावून सांगितलं होतं, म्हणून त्याला थॉमसन विकिरण म्हणतात.

पण यातून तापमान कसं कळणार? मलकापूर नाहीतर शेगावच्या फलाटावर उभं राहून तुम्ही न थांबणारी एक्स्प्रेस पाहिली आहे का? येताना तिचा भोंगा बारीक, चिरका वाटतो आणि पुढं निघून गेली की एकदम जाडसर होतो. भोंगा तोच, ड्रायव्हरही तोच. फरक गाडीच्या वेगाचा. प्रकाशाचंही तसंच आहे. आपल्याकडं धावत येणाऱ्या इलेक्ट्रॉननं उडवलेला प्रकाश किंचित निळ्याकडं सरकतो, दूर पळणाऱ्यानं उडवलेला तांबड्याकडं. लेझरचा प्रकाश मुळात एकाच नेमक्या रंगाचा असतो. परतताना तो रंगांच्या पट्ट्यात पसरून येतो. पट्टा जितका रुंद, तितके इलेक्ट्रॉन वेगवान, आणि तितका प्लाझ्मा गरम. एक कोटी अंशांना इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला जवळजवळ १९ हजार किलोमीटर असतो. दोन-सव्वादोन सेकंदांत पृथ्वीप्रदक्षिणा!

आणि प्लाझ्मा किती दाट आहे? ते कळतं एकूण किती प्रकाश परत आला त्यावरून. थोडक्यात काय, पट्ट्याची रुंदी सांगते तापमान आणि प्रकाशाची बेरीज सांगते इलेक्ट्रॉनांची संख्या. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, पुढं लागतील.

रंगांचा पट्टा मोजायला शास्त्रज्ञ वापरतात ती एक प्रकारची चाळणीच. हरभरा चाळताना आपण एकाखाली एक चाळण्या लावतो ना? वरच्या चाळणीत टपोरा दाणा, मधल्या चाळणीत मध्यम, खाली चुरा. तशा इथं रंगांच्या काचा एकापुढं एक असतात. प्रत्येक काच आपल्या रंगाचा प्रकाश वेगळा काढते आणि प्रत्येकीमागं प्रकाश मोजणारा एक डोळा असतो.

सोमवारी मी हे सगळं फळ्यावर खडूनं काढून सांगितलं. मला वाटलं, झालं! पण ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'मॅडम, पण तो लेझरचा थर्मामीटर बराबर हाये, हे त्यायले कोनं सांगतलं?'

खरं सांगू? हा प्रश्न पहिल्याहून कितीतरी मोठा होता. कारण दहा कोटी अंश आपल्यापैकी कोणी हात लावून पाहिलेले नाहीत. यंत्र म्हणेल तेच खरं मानायचं. आणि यंत्र चुकत असेल तर?

मी म्हटलं, 'आधी आपल्याला जमतं ते करू. कोणाकडं वजनकाटा आहे का?'

तिचाच हात वर आला. तिचे वडील गावात धान्य विकत घेतात. घरी दोन काटे होते, त्यातला एक त्यांनी आनंदानं शाळेत आणून ठेवला. फेब्रुवारीचे दिवस, तूर निघालेली, आणि दुसऱ्या काट्यावर त्यांची खरेदी चालू होती. शाळेत आला तो आदल्या आठवड्यापर्यंत वापरात असलेला इलेक्ट्रॉनिक काटा. पोरांना आकडे लाल रंगात पळताना पाहून कोण आनंद!

काटा तपासायचा म्हणजे काय करायचं? ज्याचं वजन आपल्याला आधीपासून पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू त्याच्यावर ठेवायची आणि तो काय म्हणतो ते पाहायचं. आमच्याकडं शिक्के मारलेली वजनं नव्हती. पण पाणी होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेच्या विज्ञान पेटीतलं मापाचं नळकांडं घेऊन मुलांनी एकेक लिटर मोजून वीस लिटर पाणी एका कॅनमध्ये भरलं. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, कॅनचं वजन?' शाबास! म्हणून आधी रिकामा कॅन ठेवला. काटा म्हणाला ०.८ किलो. भरलेला ठेवला. काटा म्हणाला २०.१.

वजाबाकी करा पाहू. १९.३ किलो.

पाणी खाली काढलं, पुन्हा ठेवलं. तेच. तिसऱ्यांदा. तेच. आता दुपारचं पाणी कोमट होतं आणि कोमट पाणी लिटरमागं तीन-चार ग्रॅम हलकं असतं. ते ऐंशी ग्रॅम सोडून दिले तरी सहाशे ग्रॅम कमी भरत होते. मग दहा लिटर ठेवून पाहिलं, तर तीनशे ग्रॅम कमी. पाच लिटरला दीडशे. काटा बिघडलेला होता, पण अगदी शिस्तीनं बिघडलेला! शंभर किलोमागं तीन किलो गिळत होता.

पोरं हिशेबाला लागली. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. तीन किलोचे झाले २२६ रुपये ५० पैसे. दहा क्विंटल विकणाऱ्याचे २,२६५. कोणीतरी फळ्यावर आकडा लिहिला आणि मग एकदम वर्ग गप्प झाला. कारण वर्गातल्या निम्म्या घरांची तूर त्याच काट्यावरून गेली होती. ती मुलगी काट्याजवळ उभी होती. तिनं काट्याचं बटण बंद केलं आणि जागेवर जाऊन बसली.

मला काय बोलावं सुचेना. मधली सुटी झाली ते बरं झालं.

तिच्या वडिलांची गोष्ट मी शेवटी सांगते. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर पुरं करू, कारण दुसऱ्या दिवशी वर्गातही मी तेच केलं.

लेझरचा तापमापी तपासायलाही शास्त्रज्ञ आमच्यासारखंच करतात. ज्याचं माप आधी ठाऊक आहे, असं काहीतरी यंत्रात भरतात. याला अंशशोधन म्हणतात. शब्द जड आहे, पण काम आपलं पाण्याच्या कॅनचंच.

पहिलं काम चाळण्यांचं. एखादी चाळणी फाटकी असली तर चुऱ्यात टपोरे दाणे पडतील आणि आपण म्हणू, यंदा हरभरा बारीकच! तसंच, एखादी रंगीत काच नाहीतर तिच्यामागचा डोळा मंद असला, तर पट्टा खोटा रुंद किंवा खोटा अरुंद दिसेल आणि तापमान चुकेल. म्हणून ज्याच्या प्रत्येक रंगाचं प्रमाण आधीच मोजून ठेवलं आहे असा दिवा समोर लावतात आणि प्रत्येक डोळा किती दाखवतो ते लिहून घेतात. आळशी डोळ्याचा हिशेब मग तेवढा वाढवून धरायचा.

दुसरं काम जास्त अवघड. परत आलेल्या प्रकाशावरून इलेक्ट्रॉन मोजायचे. इथं प्रकाश किती थोडा असतो त्याची तुम्हांला कल्पना देते. समजा, लेझरचा एक झोत एक ज्यूल ऊर्जेचा आहे. शंभर ग्रॅमचं एक संत्रं जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. पण ती एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात ओतली जाते. तेवढ्या क्षणापुरता तो झोत शंभर मेगावॅटचा होतो! (शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं वीज केंद्र आहे ना, त्याचा एकेक संच अडीचशे मेगावॅटचा आहे.) त्या झोतात पाचावर अठरा शून्यं इतके प्रकाशकण असतात. टोकामाकमधला प्लाझ्मा मात्र हवेच्या मानानं लाखो पट विरळ. त्यामुळं एक सेंटिमीटर वाटेत साधारण पंधरा हजार कोटी कणांमागं एकच कण बाजूला उडतो. उडालेले चारी दिशांना पांगतात. खिडकीतल्या भिंगाच्या वाट्याला त्यांच्यातला जेमतेम हजारावा हिस्सा. शेवटी हातात राहतात तीस-पस्तीस हजार कण, आणि तेही चाळण्यांत वाटले जाणार. त्यातच प्लाझ्मा स्वतःही उजळत असतो. जत्रेत हरवलेल्या धाकट्या भावाचा आवाज ओळखण्यासारखंच आहे हे!

मग आपली दुर्बीण, काचा आणि डोळे मिळून शंभरातले किती कण पकडतात हे कसं ठरवायचं? यंत्र चालू करायच्या आधी त्या पोकळ मेदूवड्यात थोडासा नायट्रोजन सोडतात. आपल्या हवेत शंभराला अठ्ठ्याहत्तर भाग असतो तोच साधा वायू. त्याचा दाब आणि तापमान मोजलं की आत किती रेणू आहेत हे गणितानं पक्कं कळतं. हा झाला आपला वीस लिटरचा कॅन. त्याच्यावर तोच लेझर सोडायचा आणि परत आलेला प्रकाश मोजायचा. इतक्या रेणूंना इतका प्रकाश, तर प्लाझ्मामध्ये इतका प्रकाश म्हणजे किती इलेक्ट्रॉन? हे तर तुमचं त्रैराशिक!

पण इथं एक अडचण येते. वायूचे रेणू बहुतेक प्रकाश त्याच रंगात परत उडवतात. आकाश निळं दिसतं ते ज्या विखुरण्यामुळं, तेच हे. आणि यंत्राच्या धातूच्या भिंतींवर आपटून आलेला लेझरचा चुकार प्रकाशही त्याच रंगाचा. मग रेणूंचा कुठला आणि भिंतीचा कुठला, हे कसं ओळखायचं? दुधात पाणी मिसळल्यावर वेगळं करायला सांगण्यासारखंच झालं.

आणि इथं मदतीला येतात आपले चंद्रशेखर वेंकट रामन! १९२१ मध्ये बोटीनं प्रवास करताना समुद्राच्या निळाईनं ज्यांना कोड्यात टाकलं, तेच. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांनी दाखवून दिलं की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशातला थोडासा भाग आपला रंग बदलतो. रेणू गरगर फिरत असतात, थरथरत असतात. त्या धांदलीत ते प्रकाशाची थोडी ऊर्जा ठेवून घेतात किंवा आपल्यातली थोडी देऊन टाकतात. १९३० साली याच शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं, आणि २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो तो याच्यासाठीच. मी लहानपणापासून विज्ञान दिनाला भाषणं ऐकत आले, डी.एड. झाल्यावर करतही आले, पण रामन परिणामाचा असा उपयोग मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हता. भिंतीवरून आलेला प्रकाश रंग बदलत नाही. नायट्रोजनचा रामन-प्रकाश बदलतो. तो फार क्षीण असतो, पण खात्रीनं रेणूंचाच असतो. मूळ रंग काचेनं अडवला की झालं. परदेशातले मोठमोठे टोकामाक आपल्या लेझर-तापमाप्या आजही याच रीतीनं तपासतात.

एकदा तपासलं म्हणजे कायमचं झालं, असं मात्र नाही हं. प्लाझ्माच्या धगीनं उडालेली पुटं खिडकीच्या काचेवर बसतात. धूळ बसलेल्या चष्म्यातून मला तुमच्या वह्या जशा अंधूक दिसतात, तसं यंत्राला दिसू लागतं. काच धूसर झाली की इलेक्ट्रॉन खोटेच कमी भरतात. म्हणून प्रयोगांच्या हंगामाआधी तपासतात आणि हंगाम संपल्यावर पुन्हा. दोन्हींत फरक पडला, तर मधल्या साऱ्या नोंदींकडं संशयानं पाहावं लागतं.

हे सगळं कोणी एवढं मनावर का घेतं? कारण एकदा फार मोठी फजिती झाली होती. इंग्लंडमध्ये हार्वेल इथं 'झीटा' नावाचं यंत्र होतं. जानेवारी १९५८ मध्ये जाहीर झालं की त्यात पन्नास लाख अंश तापमान झालं आणि सूर्यासारखं संमीलन बहुधा घडलं. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे! त्याआधी १९५५ साली जिनिव्हातल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आपले डॉ. होमी भाभा म्हणाले होते की वीस वर्षांत माणूस ही ऊर्जा काबूत आणील. साऱ्यांना वाटलं, वीस कुठली, तीनच वर्षांत झालं! पण पुन्हा मोजमाप केल्यावर दिसलं की यंत्रातून निघालेले कण खऱ्या संमीलनाचे नव्हतेच. काही महिन्यांतच, मे १९५८ मध्ये, त्याच शास्त्रज्ञांना आपला दावा मागं घ्यावा लागला. जगासमोर. काय वाटलं असेल त्यांना?

दहा वर्षांनी उलटा प्रसंग आला. १९६८ साली रशियन शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितलं की आमच्या 'टी-३' टोकामाकमध्ये एक कोटी अंशांच्या आसपास तापमान झालं आहे. पाश्चात्त्य देशांतल्या पुष्कळांचा विश्वास बसेना. तेव्हा अमेरिका-ब्रिटन एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, शीतयुद्धाचे दिवस. आर्त्सिमोविच यांनी काय केलं? चिडले नाहीत. ते म्हणाले, तुमचा तापमापी घेऊन या आणि तुम्हीच मोजा! आणि बोलावलं कोणाला, तर झीटाच्या वेळी पोळलेल्या इंग्रजांनाच. त्यांनी मधल्या काळात लेझरचा तापमापी झीटावरच घोटून तयार केला होता. कल्हॅम प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ सुमारे पाच टन सामान घेऊन मॉस्कोला गेले. महिनोन्‌महिने तिथं राहिले, यंत्र जुळवलं, तपासलं, पुन्हा तपासलं. आणि १९६९ साली त्यांनी जाहीर केलं की रशियन बरोबर आहेत. त्यानंतर जगभर टोकामाक बांधायची रीघ लागली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टननं तर आपलं जुनं यंत्र मोडून १९७० मध्ये त्याचाच टोकामाक केला. आज फ्रान्समध्ये 'इटर' नावाचा अवाढव्य टोकामाक उभा राहतो आहे. त्याला बाहेरून झाकणारं ३,८५० टनांचं भांडं भारतानं बनवून दिलं आहे.

मला या साऱ्यात आर्त्सिमोविच फार आवडले. आपल्या काट्यावर दुसऱ्याचं वजन ठेवू द्यायला छाती लागते.

बरं, आता काट्याकडं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच त्या मुलीचे वडील येऊन उभे. मला धडकीच भरली. वाटलं, आता भांडण. पण ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, 'मॅडम, पोरीनं रातभर झोपू नाही देल्लं. काटा आषाढात टेम्पोतून पडला होता. चालू झाला, म्हनून मी काही पाह्यलं नाही.' ते खरं सांगत होते की नाही, असं मला नंतर एक-दोघांनी विचारलं. मी काय सांगणार? ते काटा घेऊन गेले आणि वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत नेऊन, दुरुस्त करून, नवा शिक्का मारून घेऊन आले. (आई-बाबांनो, असा शिक्का इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी लागतो. तुमच्या दुकानदाराच्या काट्यावर तो कुठल्या सालचा आहे, एकदा वाकून पाहा.)

मग एका संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून जात होते. मुलगी ओट्यावर बसली होती. मांडीवर वडिलांची खरेदीची लाल वही, हातात पेन्सिल. प्रत्येक नावापुढं क्विंटल, क्विंटलमागं तीन किलो, आणि त्याचे रुपये असा हिशेब चालला होता. वडील शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होते. तोंड काही फार हसरं नव्हतं.

मला पाहून ती म्हणाली, 'मॅडम, काटा चुकला हे समजलं. पन तो कोन्त्या दिवसापासून चुकला, हे कसं समजंल? बाबाले टेम्पोची तारीख आठवत नाही.'

मी म्हटलं, 'काटा शेवटचा बरोबर होता, हे कशावरून पक्कं कळतं?'

तिनं थोडा विचार केला आणि ती घरात पळाली. जुन्या शिक्क्याची पावती घेऊन आली. तिच्यावर तारीख होती. त्या तारखेनंतरचं वहीतलं पहिलं पान तिनं शोधलं. पाहिलेल्या पानांहून ते बरंच मागं होतं. वडिलांनी पानाकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि चष्मा पुसून म्हणाले, 'लिही. पह्यलं नाव...'